हे तिला कुणी सांगितलं? : राजघराण्यावरच्या कादंबरीतील एका निवेदकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातील एका छोट्या प्रकाशनसंस्थेकडे आलेल्या हस्तलिखिताचं हे प्रकरण आहे. संस्था, लेखिका, वाचक आणि कादंबरीचं नाव गाळलं आहे, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

कादंबरी महाराणी येसूबाईंवर होती. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ला झाली. एप्रिलमध्ये राजाराम महाराज रायगडावरून निसटले. येसूबाई सात वर्षांच्या शाहूंसह गडावरच राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेब १७०७ मध्ये वारल्यावर शाहू सुटले, येसूबाई मात्र ओलीस म्हणून दिल्लीला नेल्या गेल्या. बाळाजी विश्वनाथांच्या दिल्ली स्वारीनंतर, १७१९ मध्ये त्या साताऱ्याला परतल्या. म्हणजे जवळजवळ ३० वर्षं. मराठी इतिहासात यापेक्षा लांब आणि यापेक्षा मुकी प्रतीक्षा शोधावी लागेल.

लेखिकेने ही कहाणी राणीच्या एका दासीच्या तोंडून सांगितली होती. दासी काल्पनिक. रायगडापासून दिल्लीपर्यंत ती राणीसोबत असते. २७ प्रकरणं, सुमारे १,१८,००० शब्द. संपादकांना विषय आवडला, भाषेतली ऊब आवडली. छपाईपूर्वी हस्तलिखित नऊ वाचकांना द्यायचं ठरलं. सहा नौपाड्यातल्या एका वाचनमंडळाचे, दोन वाशी-ऐरोलीचे आणि एक मोडी वाचणारे निवृत्त गृहस्थ.

वाचनाची पद्धत

प्रत्येकाला एका बाजूने छापलेली, स्पायरल केलेली प्रत आणि पेन्सिल दिली. समासात फक्त तीन अक्षरं लिहायची. ‘क’ म्हणजे ‘हे तिला कसं कळलं?’, ‘भ’ म्हणजे भाषा खटकली, ‘थ’ म्हणजे इथे वाचणं थांबवलं आणि नंतर पुन्हा उचललं. अभिप्राय लिहायचा नाही, तारे द्यायचे नाहीत. अभिप्राय लिहायला सांगितला की वाचक समीक्षक होतो आणि कंटाळा आलेली पानं सभ्यपणे झाकतो. पेन्सिलीचं एक अक्षर तसं झाकता येत नाही. मुदत पाच आठवडे.

प्रती परत आल्यावर भिंतीवर मोठा कागद लावून २७ रकाने आखले आणि प्रत्येक खूण आपापल्या रकान्यात उतरवली. हे काम दोन संध्याकाळी चाललं.

अडचण

नऊपैकी सात वाचक नाराज होते, आणि नाराजी राणीवर नव्हती, काळावर नव्हती, दासीवर होती. ‘क’ १४३ वेळा, ‘भ’ ६१ वेळा, ‘थ’ ३८ वेळा. आकड्यांपेक्षा त्यांची जागा महत्त्वाची ठरली. बहुतेक ‘थ’ हे ‘क’च्या दाट वस्तीनंतर दोन-तीन पानांत येत होते. ज्या पानावर दासी जास्त सांगून गेली, त्या पानावर वाचक उठला नाही. तिच्यावरचा विश्वास तिथे गेला आणि थोड्या वेळाने पुस्तक हातातून खाली गेलं. अशा वाचकाला विचारलं तर तो शेवटचं पान कंटाळवाणं होतं म्हणतो. संपादक मग चुकीचं पान दुरुस्त करत बसतात.

सर्वांत जास्त ‘क’ तीन ठिकाणी होते. तुळापूरच्या प्रकरणात दासी संभाजी महाराजांच्या छळाचं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वर्णन करते, आणि ती तर त्या वेळी रायगडावर. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तिथे ‘क’ न लिहिता सरळ दासीलाच विचारलं होतं : ‘अगं, तू तेव्हा कुठे होतीस?’ दुसरं ठिकाण राजाराम महाराजांचा जिंजीचा प्रवास. वेषांतर, नदीकाठच्या रात्री, पाठलाग, सगळं चार प्रकरणं भरून, आणि दासी एकाही रात्री तिथे नाही. तिसरं ठिकाण रायगडाचा खलबतखाना. राजारामांनी बाहेर पडावं, आपण मुलासह गड लढवावा, हा येसूबाईंचा निर्णय ज्या बैठकीत झाला, तिथे दासी पाणी घेऊन उभी होती असं लिहिलं होतं. राज्याचा जीव ज्या बोलण्यावर टांगलेला आहे त्या बोलण्यात पाणक्या बाईला कुणी उभं ठेवत नाही.

‘भ’च्या खुणा वेगळ्या जातीच्या होत्या. दासी ‘मिनिटभर’ थांबत होती, तिला ‘मानसिक ताण’ येत होता, ‘माझं अस्तित्व’ असा शब्द ती वापरत होती. एकादशीला राणीपुढे साबुदाण्याची खिचडी आली होती. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, आणि मराठी उपवासात त्याने जागा पकडली ती कितीतरी नंतर. वरीचे तांदूळ लिहिले असते तर कुणी अडखळलं नसतं. ‘११ मार्च’ ही तारीखही तिच्या तोंडी होती. त्या काळच्या बाईला फाल्गुन वद्य अमावास्या ठाऊक असणार.

शिवाय शेवटची खेळी. २६व्या प्रकरणात दासी उघड करते की इतकी वर्षं ती मोगल छावणीतून बाहेर निरोप पोचवत होती. लेखिकेला हा कळस वाटत होता. वाचकांना फसवणूक वाटली. चारशे पानं तिच्या मनात बसून वाचली आणि एवढी मोठी गोष्ट तिने मनातसुद्धा आणली नाही, हे कसं पटावं? राग रास्त होता. प्रथमपुरुषी निवेदकाने काही लपवलं तर चालतं, पण लपवण्याला कारण हवं आणि लपवतानाचा हात वाचकाला दिसायला हवा.

कोरा रकाना

भिंतीवरच्या कागदावर १४वा रकाना पूर्ण कोरा होता. नऊ वाचक, एकही खूण नाही. सुरुवातीला वाटलं, पानं गहाळ झाली असतील. प्रती तपासल्या, पानं होती.

ते प्रकरण राजाराम महाराजांच्या मृत्यूचं. २ मार्च १७०० ला ते सिंहगडावर वारले. औरंगजेब त्या वेळी साताऱ्याला वेढा घालून बसला होता. ऑक्टोबर १६९९ मध्ये ब्रह्मपुरीची छावणी सोडताना त्याने जनाना आणि जादा सामान वजीर असदखानाच्या ताब्यात भीमेकाठीच ठेवलं होतं. लेखिकेने राणीला आणि दासीला तिथेच ठेवलं. प्रकरणात घडतं एवढंच : अवेळी नौबत वाजू लागते. लोक एकमेकांना मिठ्या मारतात. राणी विचारते, काय झालं? दासीला माहीत नाही. ती पाणी आणण्याच्या निमित्ताने कनातीबाहेर जाते, कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी एक पखालजी पाणी ओतता ओतता तिच्याकडे न पाहता दोन शब्द बोलतो. मग ते दोन शब्द घेऊन राणीच्या राहुटीपर्यंत चालत जायचं, त्या साठ पावलांची दोन पानं आहेत. (राजारामांच्या मृत्यूची बातमी येताच बादशहाने आनंदाची नौबत वाजवायला लावली, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. लेखिकेने तोच धागा ब्रह्मपुरीपर्यंत नेला होता.)

दासीला सर्वांत कमी माहिती असलेलं हे प्रकरण, आणि वाचकांनी तिच्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवला तो इथे. तिला बातमी फुकट मिळाली नव्हती. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हा कोरा रकाना ठरला. तो दिसला नसता तर संस्थेने बहुधा दासी काढूनच टाकली असती.

पर्याय

पहिला विचार तृतीयपुरुषी निवेदनाचा. तुळापूर, जिंजी, खलबतखाना, सगळीकडे जाता येतं, ‘क’ एका फटक्यात संपतात. पण येसूबाईंच्या कैदेत घडतं थोडं आणि साहावं लागतं फार. सर्वज्ञ निवेदक लगेच छावणी सोडून लढायांकडे पळतो, आणि राणी प्रकरणांच्या शेवटी पत्रं वाचण्यापुरती उरते. अशा कादंबऱ्या मराठीत भरपूर आहेत.

दुसरा, राणीनेच बोलावं. वाचकांपैकी चौघांना हेच हवं होतं. मुखपृष्ठावर राणी आहे, मग आत दासी का? लेखिकेने दोन प्रकरणं तशी लिहूनही पाहिली. अडचण अशी निघाली की राणीच्या तोंडून तिचं धैर्य ऐकताना ते धैर्य कमी होतं. स्वतःच्या त्यागाबद्दल तीनशे पानं बोलणारी बाई आणि तो त्याग करणारी बाई एक वाटत नाहीत. शिवाय येसूबाईंच्या मनातलं इतक्या ठामपणे लिहायला आधार फारच तुटपुंजे. हा पर्याय नाकारणं बरोबर होतं असं आजही वाटतं, पण त्याची किंमत होती, ती पुढे येईल.

तिसरा, दोन निवेदक : आत दासी, बाहेर एखादा जासूद. आकर्षक वाटतो, धोका असा की वाचक बाहेरच्याची वाट पाहू लागतो आणि आतली पानं चाळतो.

चौथा, दासीला ठेवायचं आणि तिला मिळणाऱ्या प्रत्येक माहितीला वाट आणि मोल द्यायचं. यात लिखाण सर्वांत जास्त आणि कापणं त्याहून जास्त.

बैठकीत लेखिका म्हणाल्या, ‘‘सर, जिंजीचा प्रवास काढला तर पुस्तकात थरार काय उरतो?’’ संपादकांनी १४वं प्रकरण बैठकीला आलेल्या त्या निवृत्त शिक्षिकाबाईंपुढे केलं. ‘‘ताई, हे एकदा मोठ्याने वाचा.’’ त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावर जिंजीबद्दल कुणी बोललं नाही. चौथा पर्याय ठरला.

श्रोता कोण?

ठरलं तरी काम पुढे सरकेना. लेखिकेने जिंजी कापली, तुळापूर कापलं, पण दासी तशीच हवेत बोलत राहिली. मोठ्याने वाचताना दोष लगेच ऐकू यायचा : ती कुणाशी बोलत नव्हती, लिहीत होती. सोळा वर्षांची मुलगी रायगडावरून बोलते आहे की ४६ वर्षांची बाई साताऱ्याहून, हेही पानागणिक बदलत होतं.

इथे मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, सभासदाची बखर. येसूबाई कैदेत असतानाच्याच काळात कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला शिवचरित्र लिहिलं ते राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, त्यांना उद्देशून. आपल्याकडच्या जुन्या कथनाला बहुतेकदा समोर कुणीतरी बसलेलं असतं. दुसरी, करीना. वतनाचा किंवा इनामाचा तंटा लागला की पक्षकार आपल्या घराण्याने काय केलं, काय भोगलं, हक्क कुठून आला, हे सगळं लिहून देई. जेध्यांचा करीना प्रसिद्धच आहे. त्याबरोबर तकरीर, म्हणजे विचारलेल्या सवालांवरची जबानी.

दासीने साताऱ्याला परतल्यावर इनाम मागितलं तर? अर्धा चावर जमीन, म्हणजे ६० बिघे. आणि कुणी हरकत घेतली, की बाईने तीस वर्षं मोगलांचं मीठ खाल्लं, हिला इनाम कसलं? मग कारकून सवाल करणार आणि दासी उत्तरं देणार. कादंबरी म्हणजे तिची तकरीर.

एका बदलात चार गाठी सुटल्या. बोलणारी बाई ४६ वर्षांची, जागा सातारा, काळ १७१९ नंतरचा, हे पक्कं झालं. ‘हे तुला कसं कळलं?’ हा वाचकाचा प्रश्न कारकूनच विचारू लागला. तिला बोलायला कारण मिळालं, थोडं वाढवून सांगायलाही. आणि लपवायलाही : निरोप पोचवणाऱ्यांपैकी एक माणूस अजून जिवंत आहे आणि त्याचं नाव सांगितलं तर तो अडकतो. चौथ्या सवालाला ती उत्तर देत नाही, कारकून लिहून घेतो की बाई गप्प राहिली, आणि वाचकाला पहिल्या पन्नास पानांतच समजतं की इथे काहीतरी आहे. २६व्या प्रकरणातला उलगडा तोच राहिला, पण आता त्याची वाट पाहिली जात होती.

केलेली दुरुस्ती

दुरुस्तीला सात महिने लागले. २१,००० शब्द गेले, सुमारे ९,००० नवे आले.

लेखिकेने एक वही केली. डाव्या पानावर घटना आणि तिची तिथी. उजव्या पानावर ती बातमी दासीपर्यंत कुणी आणली, किती दिवसांनी, आणि त्या बदल्यात दासीने काय दिलं. उजवं पान रिकामं राहिलं तर ती घटना कादंबरीत येत नाही. बातमी आणणारे ठरले : पखालजी, घोड्यांचा चारा आणणाऱ्या बायका, बाजारातला वाणी, आणि बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिच्या तंबूतल्या दासी. झीनतुन्निसाने या मायलेकांशी मायेने वागल्याचं इतिहास सांगतो, त्यामुळे ती ये-जा खोटी वाटली नाही. तुळापूर आता फक्त अडीच पानं आहे : गडावर आलेली बातमी, त्यातले तीन वेगवेगळे तपशील, आणि कोणता खरा हे कधीच न कळणं. जिंजीच्या चार प्रकरणांच्या जागी एप्रिलमधली एक रात्र उरली, गडावरून उतरणाऱ्या दिवट्या दिसेनाशा होईपर्यंत.

भाषेत आधी चूक झाली. करीन्याच्या नादात लेखिकेने ‘मशारनिल्हे’, ‘बितपशील’ अशा शब्दांची रास घातली आणि मोठ्याने वाचणाऱ्या बाईंची जीभ अडखळू लागली. मग वाटणी केली. दफ्तरी शब्द कारकुनाच्या सवालापुरते; दासीचं उत्तर साध्या बोलीत. एका पानावर दोनच जुने शब्द, आणि त्यांचा अर्थ कृतीतून कळला पाहिजे. वेळ घटका आणि प्रहरात : घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा, तेव्हा ‘मिनिटभर’ला ‘क्षणभर’ चालतं, पण ‘घटकाभर’ लिहिलं की प्रसंग लांबतो. लेखिकेने तीन जागी ही गफलत केली होती. दासी स्वतःला काय म्हणेल यावरही चर्चा झाली. कागदोपत्री ‘बटीक’, ‘कुणबीण’ हे गुलाम बाईसाठीचे शब्द येतात. हरकत घेणारा तिला ‘बटीक’ म्हणतो, ती स्वतःला ‘बाईसाहेबांची माणूस’ म्हणते. हा फरक मला पुस्तकातल्या उत्तम गोष्टींपैकी एक वाटतो.

मलपृष्ठाचा मजकूरही बदलला. आधी तिथे ‘महाराणीच्या अंतरंगाची कहाणी’ असं होतं. वाचकांच्या निराशेचा बराच वाटा या एका ओळीचा होता. अंतरंग दाखवतो म्हणून बोलावलं आणि दाराबाहेर बसवलं. आता पहिल्याच वाक्यात दासी, इनाम आणि सवाल येतात.

निष्पत्ती

दुसऱ्या वाचनाला नऊपैकी आठ जण आले. ‘क’ ११वर उतरले, त्यातले सहा कारकुनाच्या पुढच्याच सवालात सुटत होते. ‘थ’ नऊ. त्यातले बरेच नव्या जागी, सनदा आणि जामीनदारांच्या तपशिलात. ती पानं आणखी छाटली. ऐरोलीच्या वाचकाने, जो पहिल्या वेळी आठव्या प्रकरणाला थांबला होता, ठाणे-वाशी गाडीतल्या फेऱ्यांत नऊ दिवसांत पुस्तक संपवलं.

दोघींची निराशा मात्र कायम राहिली आणि ती खोडून काढता येणार नाही. त्यांना १६८९ च्या त्या बैठकीत येसूबाई काय म्हणाल्या ते हवं होतं. दीर आणि राज्य वाचावं म्हणून पोटच्या पोरासह वेढ्यात राहण्याचा निर्णय जिने घेतला, तिला त्या घटकेला दाराआड का ठेवता, असं त्यांचं म्हणणं. दासी दाराबाहेर आहे. दार उघडलं तर सगळी शिस्त मोडते.

काय वेगळं करता आलं असतं

निवेदकाची परीक्षा २७ प्रकरणांनंतर झाली, ती तीन प्रकरणांनंतर व्हायला हवी होती. एक प्रकरण निवेदक हजर असतानाचं, एक नसतानाचं, एक बातमी उशिरा पोचण्याचं. एवढं लिहून मोठ्याने वाचलं असतं तर लेखिकेची दीड वर्षांची मेहनत कापावी लागली नसती. संपादकांनीही हस्तलिखित स्वीकारताना विषय पाहिला, ‘ही कुणाला सांगते आहे?’ हे विचारलं नाही. वाचक निवडताना सगळे पन्नाशीपुढचे आले, त्यामुळे ज्यांनी हा इतिहास शाळेपलीकडे वाचलेला नाही त्यांना तिथी आणि नाती कितपत झेपतात, ते अखेरपर्यंत तपासलं गेलं नाही.

आणि ते बंद दार. ते बंद ठेवणं योग्य होतं, पण बंद दारापाशी प्रकरण संपवणं ही चूक झाली. निर्णय ऐकू आला नाही तरी दुसऱ्या सकाळी दिसू शकला असता. गडावरून निघायची तयारी आधी दोघांचीही झाली असणार, राणीची आणि मुलाची गाठोडी बांधलेली असणार. सकाळी राणी दासीला सांगते, गाठोडी सोड, कपडे परत पेटीत ठेव. दासी एकेक अंगरखा घडी करून आत ठेवते आणि काय ठरलं ते तिला कळतं. अर्धं पान पुरलं असतं. हे सुचलं तेव्हा फर्मे छापून झाले होते. पहिल्या आवृत्तीत त्या जागी दाराबाहेरच्या दिवट्यांचं दीड पान वर्णन आहे.